मेयर, बाबा आणि सदतीस पूर्णांक आठ

परवा माझ्या मुलीच्या, यशोच्या कॉलेजातून पत्र आलं. रोज सकाळ-संध्याकाळ ताप मोजायचा, तक्त्यात लिहायचा आणि खाली पालकांनी सही करायची. सहा वर्षांपूर्वी तिच्या शाळेतून असंच पत्र आलं होतं. तेव्हा ती अकरा वर्षांची होती आणि साथ सार्सची होती. आता ती सतरा वर्षांची आहे आणि साथ स्वाइन फ्लूची आहे. तक्ता बदललेला नाही. तारीख, सकाळ, संध्याकाळ, सही. चार रकाने.

सही करताना हात जड झाला. आजाराची भीती वाटली असं नाही. एव्हाना तिचीही सवय झाली आहे. पण खालच्या लॉबीत पुन्हा ब्लीचचा वास येऊ लागला आहे, लिफ्टच्या बटणांवर पुन्हा पारदर्शक प्लास्टिक चिकटवलं आहे. त्या प्लास्टिकवर बोट टेकलं की मला दोन हजार तीन सालचा एप्रिल आठवतो, त्याच्यामागून मे आठवतो, आणि तो मे मला आठवायचा नसतो.

इथं ऋतू नाहीत. नागपूरकडच्या माणसाला हे पचायला वेळ लागतो. आमच्याकडं मे म्हणजे मे. खिडकीला वाळ्याची ताटी, कूलरची घरघर, दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. सिंगापुरात बारा महिने तेच ऊन, दुपारी तीन-चारच्या सुमारास तोच पाऊस, आणि उजाडताना ब्लॉकमागच्या झाडात ओरडणारा तोच कोकीळ. इथं येऊन अकरा वर्षं झाली, पण एक वर्ष दुसऱ्यापासून वेगळं काढायचं म्हटलं तर मला खूण सापडत नाही. एकच हंगाम तेवढा वेगळा निघतो. तो थर्मामीटरचा.

माझं काम मापांचं आहे. जहाजांवरचे, कारखान्यांमधले दाबाचे आणि तापमानाचे मापक आमच्याकडं तपासणीला येतात. आमची लॅब, आम्ही राहतो त्या बुकित बातोकच्याच इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये आहे, घरापासून चालत अठरा मिनिटं. मापक किती चुकतो ते शोधायचं, कागदावर लिहायचं आणि सही करायची. चोवीस वर्षं हेच करतो आहे. त्यामुळं सार्सच्या बातम्या सुरू झाल्यावर मी औषधाच्या दुकानातून तोंडात धरायचा डिजिटल थर्मामीटर आणला, तो आधी आमच्या लॅबमध्ये नेला. प्रमाणित पाण्याच्या टाकीत बुडवून पाच वेगवेगळ्या तापमानांना तपासला. चूक अंशाच्या एक दशांशाहून कमी. मी घरी येऊन हे प्रज्ञाला, माझ्या बायकोला, कौतुकानं सांगितलं. ती कुकरच्या शिट्ट्या मोजत होती. म्हणाली, "बरं झालं. आता ताप आला तर तो खरा तरी असेल."

मग मी एक वही केली. तिघांची नावं, रोजचे दोन आकडे. सक्तीचं होण्याआधीपासून. प्रज्ञा म्हणायची, आपल्या घरात पेशंट एकही नाही आणि तक्ते मात्र रोज वाढतायत. ते खरंच होतं. पण मला त्या वहीचा आधार वाटायचा. बाहेर सगळं हललेलं होतं. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, माणसं एकमेकांपासून एक-एक सीट सोडून बसत, कुणाला ठसका लागला की डबा गप्प व्हायचा. खालच्या हॉकर सेंटरमध्ये जेवायच्या वेळेलाही टेबलं रिकामी असायची. फिशबॉल नूडल्सवाला म्हातारा हात बांधून उभा असायचा आणि मी दिसलो की मान डोलवायचा. वहीतले आकडे मात्र छत्तीस पाच, छत्तीस सहा, छत्तीस सात यांच्यातच फिरत. रात्रीची जेवणं झाली की मी ते वाचून काढायचो. त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं, हेच बरं होतं.

मार्चअखेर शाळा बंद झाल्या तेव्हा यशोच्या बाईंनी मुलांना घरी करायला एक प्रकल्प दिला. संकटात शहर सांभाळलेल्या एका माणसाचं चरित्र वाचायचं आणि चार पानं लिहायची. वर्गात चिठ्ठ्या टाकल्या होत्या. यशोच्या वाट्याला एकोणिसाव्या शतकातला एक अमेरिकन मेयर आला. कुणी ऐकलेला नाही असा. लायब्ररीतून आणलेलं पुस्तक साडेतीनशे पानांचं, बारीक टाइपाचं. यशोनं दोन दिवसांत हात टेकले आणि ते माझ्याकडं आलं.

मेयर एका मोठ्या नदीकाठच्या शहरातला. बाप पिंपं बनवणारा. मुलगा चौदाव्या वर्षी घर सोडून निघाला, मेणबत्त्या आणि साबण विकत विकत या शहरात पोचला आणि तिथंच दुकान टाकून राहिला. मेयर झाला तो फारसं मनात नसताना. दोन मोठे व्यापारी एकमेकांना पाडायला निघाले आणि मधल्यामध्ये हा थोड्या मतांनी निवडून आला. मुदत एक वर्षाची. शहर कसं होतं, तर रस्त्यांवर डुकरं मोकाट, चिखलावर लाकडी फळ्या टाकलेल्या. आग विझवणाऱ्यांच्या दोन टोळ्या होत्या आणि आगीपाशी आधी कोण पोचलं यावरून त्या एकमेकांची डोकी फोडत. घर तोवर जळून जायचं. मेयरनं पहिल्या सहा महिन्यांत डुकरांसाठी कोंडवाडा बांधला, टोळ्यांना वेगवेगळे वॉर्ड नेमून दिले, आणि बाजाराच्या चौकात लोखंडी हातपंप बसवला. पंपावर त्याचा फार जीव. उद्घाटनाचं भाषण पुस्तकात पूर्ण दिलं आहे, अडीच पानं.

उन्हाळ्यात आगबोटीबरोबर कॉलरा आला.

हे मी बाबांना रविवारी फोनवर सांगायचो. फोनकार्डावरचा नंबर खरवडायचा, चौदा आकडे दाबायचे, मग पलीकडं कूलरची घरघर आणि बाबांचा आवाज. आई जाऊन तेव्हा सहा वर्षं झाली होती. बाबा गावी माझ्या धाकट्या भावाकडं, सुधीरकडं राहायचे. दम लागत होता, तपासण्या झाल्या होत्या, तीन रक्तवाहिन्या बंद निघाल्या होत्या आणि नागपूरला बायपास करायचं ठरलं होतं. तारीख मेमधली, मंगळवारची. मी आदल्या रविवारचं तिकीट काढलं होतं. पण बाबा ऑपरेशनबद्दल बोलायचेच नाहीत. जयभीम झाला की पहिला प्रश्न, "काय म्हणते तुमचा मेयर?"

कारण होतं. बाबा नगरपरिषदेत कारकून होते. जन्म-मृत्यूच्या नोंदी. एकतीस वर्षांपैकी एकोणतीस वर्षं त्याच टेबलावर. मधली दोन जकात नाक्यावर गेली, ती कशी ते मला ठाऊक होतं. मी सातवीत असताना गावात पटकीची, म्हणजे कॉलऱ्याचीच साथ आली. नगराध्यक्षांनी बाबांना बोलावून सांगितलं की मरणाच्या कारणात पटकी लिहू नका, जुलाब लिहा, बाजार बसेल. बाबांनी डॉक्टरची चिठ्ठी जशी होती तशी लिहिली. दोन महिन्यांत नाक्यावर बदली. पावसाळ्यात ते गोणपाट डोक्यावर घेऊन ट्रकच्या ताडपत्र्या उचलायचे. घरी कधी एक शब्द बोलले नाहीत. आईच तेवढी भाकरी थापताना नगराध्यक्षाचा उद्धार करायची.

मेयरकडंही व्यापारी गेलेच. रोज किती मेले हे छापलं तर आगबोटी थांबणार नाहीत, गुदामं सडतील, असं म्हणाले. मेयरनं रोज सकाळी पूर्ण यादी वर्तमानपत्राला दिली. नाव, वय, गल्ली. आगबोटी खरंच थांबेनाशा झाल्या. त्याच्या स्वतःच्या दुकानात गिऱ्हाईक फिरकेना. लोकांनी खिडकीवर शेण फेकलं. आणि मग त्याची पाच वर्षांची मुलगी गेली. दुसऱ्या दिवशीच्या यादीत तिचं नाव तिच्या गल्लीच्या जागी आहे, तेराव्या ओळीवर. वर नाही, खाली नाही. पुढंमागं काही लिहिलेलं नाही.

हे बाबांनी मला परत एकदा वाचायला लावलं. कार्डाची मिनिटं जात होती. मग म्हणाले, "यादी कोण लिहून राहिला होता? कारकुनाचं नाव दिलं का पुस्तकात?"

"नाही बाबा."

"नसतेच देत," ते म्हणाले आणि खोकले. मागून सुधीर फोन ठेवा म्हणत होता.

एप्रिलच्या मध्यात शाळा टप्प्याटप्प्यानं उघडल्या आणि घराचं वेळापत्रक बदललं. आधी आम्ही सगळे उठल्याउठल्या ओळीनं ताप मोजायचो. आता यशोला आधी तयार करायचं, तिचा आकडा लिहायचा, तिला बसपर्यंत सोडायचं, वर येऊन चहा घ्यायचा आणि मग प्रज्ञानं आणि मी मोजायचं. प्रज्ञा इथल्या पद्धतीचा बिनदुधाचा चहा प्यायची, तोही गार करून. मला आपला आल्याचा, उकळता, काठोकाठ भरलेला लागतो. बशीत ओतून पिणं मी इथं आल्यावर सोडलं, त्यामुळं तो कपातून सरळ तोंडात जातो. ही एवढी बारीकशी गोष्ट आहे, आणि थर्मामीटरच्या पाकिटातल्या कागदावर ती चार भाषांत लिहिलेली होती. तो कागद मी वाचला होता. अचूकतेचा तक्ता तर दोनदा वाचला होता.

वहीत आकडे चढू लागले. फार नाही. छत्तीस नऊ, सदतीस एक. मी ते शाळा सुरू झाल्याच्या धावपळीवर ढकललं. मेच्या दुसऱ्या आठवड्यात, जायला चार दिवस असताना, बुधवारी सदतीस तीन. गुरुवारी सदतीस चार. संध्याकाळी कामावरून आल्यावर पहिला चहा, मग वही. तोही आकडा तेवढाच.

कंपनीच्या दारात रोज कपाळाला गन लावून ताप पाहायचे. ती गन मला छत्तीस चार दाखवायची. रखवालदार अंगठा वर करायचा. मला त्या गनवर विश्वास नव्हता, आणि का नव्हता हे मी कुणालाही वीस मिनिटं सांगू शकलो असतो. ती कातडीचं तापमान बघते, माणूस एसीतून किंवा पावसातून आलेला असला तर कमी दाखवते, तिला वर्षानुवर्षं कुणी तपासत नाही. माझा थर्मामीटर मी स्वतः तपासलेला होता.

शुक्रवारी सदतीस सहा. साडेसदतीसच्या वर घरी राहायचं असा कंपनीचा नियम होता. मी फोन करून रजा टाकली. क्लिनिकला फोन केला, तिथल्या बाईंनी सांगितलं की अडतीसच्या वर गेला तर या, तोवर घरीच वेगळे राहा आणि भरपूर गरम प्या. मी आतल्या खोलीत गादी टाकली. प्रज्ञा दाराशी ताट ठेवायची, आणि ताटाबरोबर थर्मास. दर दोन तासांनी आल्याचा चहा. घसा शेकला पाहिजे म्हणून नेहमीपेक्षा जास्त गरम.

शनिवारी सकाळी सदतीस पूर्णांक आठ.

प्रज्ञा दाराच्या फटीतून बोलली. तिचा आवाज चढला नाही, ती इतकी दमली होती. म्हणाली, "अहो, खोकला नाही, अंग दुखत नाही, जेवण नीट जातंय. कंपनीची गन दाखवते तो आकडा धरा ना. तेही मशीनच आहे."

मी तिला कातडी आणि एसीचं सांगितलं.

"म्हणजे तुमचं मशीन खरं आणि बाकी सगळ्यांची खोटी," ती म्हणाली. "तिथं बाबांची छाती उघडणार आहेत. तुम्ही उद्या विमानात नसलात तर मी काही बोलणार नाही. पण तुम्ही स्वतःच स्वतःला बोलाल, जन्मभर."

मी काय विचार केला ते लिहितो, कारण तो चुकीचा होता असं मला आजही म्हणता येत नाही. विमानतळावरचा ताप टिपणारा कॅमेरा कदाचित मला जाऊ देईल. नागपूरला कुणी विचारणार नाही. मी थेट हृदयरोग्यांच्या वॉर्डाच्या दारात उभा राहीन, बाबांचा हात धरीन. तिथं एकवीस खाटा आहेत, सुधीरनं सांगितलं होतं. आणि माझ्या अंगात तो आजार असला तर? मेयरची आठवण आलीच नाही असं म्हणणार नाही. त्या दिवशी तो आतल्या खोलीत माझ्याबरोबर होता. पोरीचं नाव तेराव्या ओळीवर लिहिणारा माणूस डोक्यात असताना सोयीचा आकडा धरून विमानात बसवेना.

दुपारी बाहेर पाऊस पडत होता. मी तिकीट रद्द केलं आणि बाबांना फोन लावला. ते दुसऱ्या दिवशी नागपूरला भरती व्हायचे होते. मी सगळं एका दमात सांगितलं.

"किती आहे?" त्यांनी विचारलं.

"सदतीस आठ."

"आपल्या जुन्या मापात?"

"शंभर."

पलीकडं कूलर घरघरत होता. मग म्हणाले, "नको येऊ. बराबर केलंस. आकडा आहे तर आहे." आणि फोन ठेवण्याआधी, "डॉक्टरले दाखव मात्र."

रविवारी माझं विमान माझ्याशिवाय गेलं. त्या वेळी मी खिडकीत उभा राहून समोरच्या ब्लॉकवरचे बांबूंवर वाळत घातलेले कपडे मोजत होतो. यशो दाराबाहेर बसून मला तिची चार पानं वाचून दाखवत होती. ती पुस्तकाच्या शेवटापर्यंत स्वतः गेली होती, मला न सांगता. त्यामुळं मेयरचं पुढचं मला तिच्याकडून कळलं.

मेयरनं यादी खरी छापली, पण कॉलरा कशानं होतो हे त्याला माहीत नव्हतं. तेव्हा कुणालाच नव्हतं. हवा खराब झाली असं सगळे मानत. त्यानं चौकाचौकांत डांबराची पिंपं पेटवली. भाजी आणि फळं विकायला बंदी केली, काकडीच्या गाड्या नदीत ओतल्या. आणि लोकांना धीर यावा म्हणून रोज सकाळी स्वतः बाजाराच्या चौकात जाऊन आपल्या पंपाचं पाणी पेलाभर पिऊन दाखवायचा. मुलीला खांद्यावर घेऊन. तिलाही पाजायचा. पंपापासून सतरा पावलांवर एक जुना संडासाचा खड्डा होता. मेयर स्वतः कसा वाचला कुणास ठाऊक. पुढच्या निवडणुकीत हरला, दुकान विकलं, आणि उरलेली तीस वर्षं शहराच्या वजनमाप तपासणीच्या खात्यात नोकरी केली. दुकानदारांची वजनं खरी आहेत का ते बघायचं. पाण्याचं शास्त्र कळलं तेव्हा तो म्हातारा होता. त्यानं ते वाचलं की नाही, याची नोंद नाही. एवढंच लिहिलं आहे की अखेरच्या वर्षांत तो बाजाराच्या चौकातून जायचा नाही, लांबच्या गल्लीनं जायचा.

यशोनं शेवटचं वाक्य वाचलं आणि कागद खाली ठेवला. "चांगला माणूस होता, पपा," ती दाराआडून म्हणाली, आणि पुढचं इथल्या शाळेतल्या इंग्रजीत: "बट राँग पंप, लाह."

मला हसू आलं. तिला वाटलं मला खोकला आला. ती घाबरून उठली आणि प्रज्ञाला बोलवायला गेली.

मंगळवारी मला लवकर जाग आली. ऑपरेशन तिकडच्या आठ वाजता, म्हणजे आमच्या साडेदहाला. उजाडत होतं, कोकीळ सुरू झाला होता, प्रज्ञा उठलेली नव्हती. थर्मास रिकामा. नुसतं बसवेना म्हणून मी थर्मामीटर तोंडात धरला. छत्तीस पाच. परत धरला. छत्तीस पाच. मला वाटलं बॅटरी उतरली. सात वाजता प्रज्ञानं चहा ठेवला, मी प्यायलो, सवयीनं परत मोजला. सदतीस सात.

ते दोन आकडे वहीत एकाखाली एक लिहिले आणि मी त्यांच्याकडं बघत बसलो. मग दर पाच मिनिटांनी मोजत गेलो. सदतीस सात, सदतीस तीन, सदतीस, छत्तीस आठ. पस्तीस मिनिटांनी छत्तीस पाच. लॅबमध्ये एखादं उपकरण असं वागलं असतं तर मी दोन मिनिटांत सांगितलं असतं की दोष उपकरणात नाही, मोजण्याआधी त्याला कशात बुडवलं ते बघा. थर्मामीटर बरोबर होता. मी अठरा वर्षं पोटासाठी जे करत होतो, त्यातली पहिली पायरी मी स्वतःच्या तोंडाच्या बाबतीत विसरलो होतो.

मला ताप नव्हता. कधीच नव्हता.

इथल्या साडेआठला, म्हणजे तिकडच्या सहाला, सुधीरच्या मोबाइलवरून फोन आला. बाबांना तासाभरात आत नेणार होते, त्यांना बोलायचं होतं. आवाज लांबून आल्यासारखा वाटत होता. बहुधा गोळी दिली होती. त्यांनी स्वतःचं काही सांगितलं नाही. विचारलं, "ताप?"

प्रज्ञा स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. वही माझ्या मांडीवर होती. काय सांगायचं होतं? की चहामुळं मी आलो नाही? की तुमचा मापं तपासणारा मुलगा गरम कप पिऊन ताप मोजत बसला, आणि तुम्ही बराबर केलंस म्हणालात ते याला?

"साडेसदतीस," मी म्हणालो. "उतरतोय."

"डॉक्टरले दाखवलं?"

"दाखवलं."

"बरं," ते म्हणाले. फोन सुधीरकडं गेला.

माझ्या आयुष्यात मी कागदावर खोटा आकडा लिहिलेला नाही. त्या दिवसाच्या पानावरही खरेच आकडे आहेत. खोटा आकडा मी फक्त बोललो, एकदाच.

ऑपरेशन चांगलं झालं. महिन्याअखेर इथली साथ आटोपली आणि जूनमध्ये मी गावी गेलो. बाबा अंगणात खाटेवर बसले होते, छातीवर लांब व्रण, आवाज खाली गेलेला. त्यांनी माझ्याकडं खालपासून वरपर्यंत बघितलं, हाताला हात लावला आणि बराच वेळ सोडला नाही. मग जो येईल त्याला सांगू लागले. याले ताप होता, हा आला नाही. वार्डात एकवीस लोक होते, याने त्याईचा विचार केला. पोस्टमनला सांगितलं, विहारात सांगितलं, सुधीरच्या सासऱ्यांना दोनदा सांगितलं. मेयरची गोष्टही त्याला जोडून. सुधीर मान खाली घालून ऐकायचा. ते सगळे दिवस दवाखान्याच्या पायऱ्यांवर तोच एकटा बसला होता. मी चहाचा कप हातात घेऊन तिथंच बसलेला असायचो. पुढं चार वर्षं मी जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा हे ऐकलं. दर वेळी ते ऐकून परत आलो की मला आठवडाभर थकल्यासारखं व्हायचं. खऱ्या तापातही तेवढं होत नाही.

दोन हजार सातच्या हिवाळ्यात सुधीरचा निरोप आला आणि मी या वेळी काही न मोजता निघालो. बाबा झोपूनच होते. बोलणं कमी झालं होतं, पण डोकं स्वच्छ होतं. तिसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघंच होतो. मी त्यांना सांगून टाकलं. चहा, थर्मामीटर, मंगळवारची सकाळ, दर पाच मिनिटांचे आकडे, साडेसदतीस. क्रमानं सांगितलं, काही गाळलं नाही. मी रागाची तयारी ठेवली होती. निदान ते तोंड फिरवतील, चार वर्षं गावभर सांगितलेली गोष्ट खोटी निघाली म्हणून त्यांना लाज वाटेल, असं मला वाटलं होतं. मेयर कितीदा तरी मनात येऊन गेला होता.

त्यांनी ते सगळं बाजूला सारलं. विचारलं, "म्हणजे मंगळवारी तू चांगला होता?"

"हो."

"अंगात काहीच नोतं?"

"काहीच नव्हतं, बाबा."

सुधीरची मुलगी बाहेर दोरीवरच्या उड्या मारत होती, तिचं मोजणं ऐकू येत होतं. ती चाळीसच्या पुढं गेली तेव्हा बाबा बोलले.

"मले आत नेलं, तर मी माझा विचार करतच नोतो. त्या रोगानं माणसं पटापट मरून राहिली, असं पेपरात होतं. वाटलं, मी वाचीन आन हा जाईन. बेशुद्ध करेपर्यंत तेच होतं डोक्यात. यशोकडं कोण पाहीन." त्यांनी दम घेतला. "तवाच सांगायचं होतं बाबू. चहाचं सांगतलं असतं, तर हसत तरी गेलो असतो आत."